नमुन्यातले प्रथिन मोजताना: बीसीएपासून सँडविच एलायझापर्यंत

'या नमुन्यात प्रथिन किती आहे?' या वाक्यात दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. पहिला, सगळी प्रथिने मिळून किती? दुसरा, हजारो प्रथिनांच्या गर्दीत आपल्याला हवे असलेले एकच प्रथिन किती? पहिल्याचे उत्तर रंग देणारे रसायन (बीसीए ही त्यातलीच एक पद्धत) किंवा अतिनील प्रकाश देतो, दुसऱ्यासाठी अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच पकडणारे प्रथिन, लागते; एलायझा ही त्यावर चालणारी पद्धत. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच आहे. कुठलीही पद्धत 'प्रथिन' मोजत नाही, त्याची एखादी खूण मोजते: ट्रिप्टोफॅनचे वलय, तांब्याला क्षपित करणारे पेप्टाइड बंध, आर्जिनिनचा धनभार, किंवा अँटिबॉडी जिथे बसते तो छोटासा तुकडा. यंत्राकडून आपल्याला फक्त ओडी, म्हणजे प्रकाश किती शोषला गेला तो आकडा, मिळतो. त्याचे मायक्रोग्रॅम किंवा पिकोग्रॅम होतात ते स्टँडर्डच्या, म्हणजे आधीच माहीत असलेल्या संहतीच्या द्रावणाच्या, जोरावर. म्हणून मोजणी चुकते तेव्हा दोष बहुधा रीडरमध्ये नसतो. स्टँडर्ड आणि नमुना एकसारखे वागत नाहीत, हे कारण आधी तपासावे.

नमुना: अर्धी लढाई इथेच

सीरमसाठी रक्त खोलीच्या तापमानाला ३० मिनिटे गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये १००० ते २००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट) वेगाने १० ते १५ मिनिटे फिरवा. घाई केली तर फायब्रिन अर्धवट तयार होते आणि पुढे पिपेटच्या टिपमध्ये अडकते. प्लाझ्मा हवा असेल तर ईडीटीए, हेपॅरिन किंवा सायट्रेटची नळी घ्या, पण एका अभ्यासात एकच प्रकार ठेवा. सायट्रेट द्रवरूपात असते: ९ भाग रक्ताला १ भाग. हा एक भाग फक्त प्लाझ्मात मिसळतो, पेशींत नाही. त्यामुळे हिमॅटोक्रिट (रक्तातला पेशींचा वाटा) ४५ टक्क्यांच्या आसपास असेल तर प्लाझ्मा साधारण एक षष्ठांशाने पातळ होतो. ईडीटीए आणि सायट्रेटच्या नळ्यांतले आकडे शेजारी ठेवून तुलना केली की हा फरक 'जैविक' वाटू लागतो.

सीरम आणि प्लाझ्मा हे एकमेकांचे पर्याय नाहीत. रक्त गोठताना प्लेटलेट्समधून व्हीईजीएफ, टीजीएफ-बीटा यांसारखे रेणू बाहेर पडतात. रक्तात प्रत्यक्ष फिरणारी पातळी हवी असेल तर या रेणूंसाठी प्लाझ्माच घ्यावा, आणि तोही प्लेटलेट्स नीट काढून.

पेशी किंवा ऊती फोडण्यासाठी सर्रास वापरला जाणारा रिपा बफर असा: ट्रिस ५० मिलिमोलर, मीठ १५० मिलिमोलर, एनपी-४० १ टक्का, सोडियम डीऑक्सिकोलेट ०.५ टक्के, एसडीएस ०.१ टक्का; शेवटचे तिन्ही डिटर्जंट. प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमना रोखणारी रसायने) वापरायच्या क्षणी घाला. त्यातले पीएमएसएफ पाण्यात लवकर निकामी होते, आदल्या दिवशी घालून ठेवलेल्याचा उपयोग नाही. बर्फावर १५ ते ३० मिनिटे ठेवा, ४ अंशांवर १२,००० ते १४,००० जीने १५ मिनिटे फिरवा आणि वरचा द्रव उचला. हाच लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) एलायझात जाणार असेल तर किमान १० पट पातळ करा. एसडीएस थोडे जरी उरले तरी अँटिबॉडीची पकड सैल करते.

नमुन्याचे १०० ते २०० मायक्रोलीटरचे छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. एक भाग एकदाच वितळवायचा. वितळल्यावर हलकेच मिसळा आणि १०,००० जीने ५ मिनिटे फिरवून गाळ, चरबी आणि फायब्रिन बाजूला करा. ही पाच मिनिटे टाळली की नंतर 'ड्युप्लिकेट (एकाच नमुन्याची दोन वाचने) जुळत नाहीत' म्हणून अख्खी दुपार जाते.

एकूण प्रथिन: कुठली पद्धत कधी

२८० नॅनोमीटरवरचे वाचन सर्वांत सोपे, नमुना वायाही जात नाही. पण ते फक्त शुद्ध केलेल्या प्रथिनासाठी. इथे प्रकाश शोषतात ते प्रामुख्याने ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन. त्यांचे मोलर शोषणांक अनुक्रमे ५५०० आणि १४९०, तर डायसल्फाइड बंधाचा १२५. म्हणजे ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन दोन्ही नसलेले प्रथिन या तरंगलांबीला जवळजवळ दिसतच नाही. १ सेंटिमीटर मार्गात १ मिग्रॅ/मिली आयजीजी (रक्तातली मुख्य अँटिबॉडी) साधारण १.४ ओडी देते, तर तितकेच बीएसए (गायीच्या रक्तातले अल्ब्युमिन) साधारण ०.६६. '१ ओडी म्हणजे १ मिग्रॅ' हा सरसकट हिशेब म्हणूनच फसवा आहे. शुद्ध प्रथिनाचे २६० वरचे वाचन २८० च्या साधारण निम्मे असते. ते त्याहून बरेच वर गेले तर न्यूक्लिक आम्ल मिसळले आहे असे समजा. तात्पुरत्या अंदाजाला वॉरबर्ग-क्रिश्चनचे सूत्र चालते: मिग्रॅ/मिली = १.५५ × ओडी२८० − ०.७६ × ओडी२६०. लायसेटवर मात्र हे वापरू नका, डिटर्जंट आणि डीएनए मिळून आकडा कुठेही नेतात.

ब्रॅडफर्डची पद्धत १९७६ ची. कुमासी जी-२५० हा रंग आम्लात प्रथिनाला चिकटला की त्याचे शोषण ४६५ वरून ५९५ नॅनोमीटरकडे सरकते. १० मिनिटांत काम होते आणि क्षपणकारकांचा फारसा त्रास नाही. पण एसडीएस किंवा ट्रायटनचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर गेले की कोरा बफरही निळा दिसू लागतो. दुसरी मेख अशी की रंग मुख्यतः आर्जिनिनला चिकटतो आणि बीएसए यात नेहमीपेक्षा जास्त रंग देते. बीएसएचे स्टँडर्ड लावून अँटिबॉडी मोजली तर उत्तर खऱ्याच्या जवळपास निम्मे येते. अँटिबॉडी मोजायची असेल तर स्टँडर्ड म्हणून बोवाइन गॅमा ग्लोब्युलिन घ्या.

लायसेटसाठी बीसीए बरी. क्षारीय द्रावणात पेप्टाइड बंध तांब्याचे क्षपण करतात आणि तयार झालेले क्युप्रस आयन बायसिंकोनिनिक आम्लाशी जांभळा रंग देतात. तो ५६२ नॅनोमीटरवर वाचायचा. डिटर्जंट बऱ्यापैकी चालतात. न चालणारे दोन: तांबे क्षपित करणारे, म्हणजे डीटीटी, मर्कॅप्टोइथेनॉल आणि ग्लुकोज, आणि तांबे पकडून ठेवणारे, म्हणजे ईडीटीए. नेहमीच्या बीसीएत डीटीटी १ मिलिमोलर आणि ईडीटीए १० मिलिमोलर इथपर्यंतच ठेवावे.

बीसीए ९६ वेल्सच्या (खळग्यांच्या) प्लेटवर अशी करा:

१. बीएसए २ मिग्रॅ/मिली पासून २०००, १५००, १०००, ७५०, ५००, २५०, १२५, २५ आणि ० मायक्रोग्रॅम/मिली अशा पायऱ्या बनवा. पातळ करायला ज्या बफरमध्ये नमुना आहे तोच बफर. पाणी नाही. वेळ वाचवण्यासाठी मोडला जाणारा पहिला नियम हाच, आणि लायसेटचे आकडे बिघडण्याचे सर्वांत मोठे कारणही हेच.

२. नमुना जसाच्या तसा, ५ पट आणि १० पट पातळ असा तीन पातळ्यांवर लावा.

३. बीसीए किटमधले अभिकर्मक अ आणि ब ५०:१ प्रमाणात मिसळा. पूर्ण प्लेटला १९.२ मिली लागते, म्हणून २० मिली अ आणि ०.४ मिली ब घ्या. मिश्रण आधी गढूळ दिसेल, हलवल्यावर स्वच्छ हिरवे होते.

४. प्रत्येक वेलमध्ये २५ मायक्रोलीटर स्टँडर्ड किंवा नमुना, त्यावर २०० मायक्रोलीटर मिश्रण. ३० सेकंद हलवा, झाका, ३७ अंशांवर ३० मिनिटे ठेवा.

५. खोलीच्या तापमानाला आणून वाचा. बीसीएची क्रिया पूर्णपणे थांबत नाही, रंग हळूहळू चढतच राहतो. सगळ्या वेल्स एकाच वेळी वाचल्या जातात म्हणून प्लेटवर याचा त्रास नाही. क्युव्हेटमध्ये एकेक वाचणार असाल तर १० मिनिटांच्या आत आटपा.

तिन्ही पातळ्या गुणाकारानंतर एकच उत्तर देत असतील तर आकड्यावर विश्वास ठेवा. पातळ करताना उत्तर वर किंवा खाली सरकत असेल तर बफरमधले काहीतरी आड येते आहे. अशा वेळी चारपट थंड अॅसिटोन घालून उणे २० अंशांवर तासभर ठेवा, १५,००० जीने १० मिनिटे फिरवा, अॅसिटोन ओता आणि गाळ नव्या बफरमध्ये विरघळवा. गाळ खडखडीत वाळवू नका, मग तो विरघळत नाही.

अँटिबॉडीकडे

अँटिबॉडी वापरून मोजण्याची कल्पना रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्या इन्सुलिनवरच्या रेडिओइम्युनोअॅसेतून आली. यॅलो यांना त्यासाठी १९७७ मध्ये नोबेल मिळाले, बर्सन त्याआधीच वारले होते. १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमन यांनी, आणि स्वतंत्रपणे नेदरलँड्समध्ये व्हान वीमन आणि शूर्स यांनी, किरणोत्सर्गी खुणेच्या जागी एन्झाइम बसवले. तोच एलायझा.

मोठे प्रथिन असेल तर सँडविच निवडा: खालून एक अँटिबॉडी पकडते, वरून दुसरी ओळखते. दोघींच्या बसण्याच्या जागा वेगळ्या हव्यात. रेणू लहान असेल तर दोन अँटिबॉडींना जागाच पुरत नाही, तिथे स्पर्धात्मक एलायझा. रक्तातल्या अँटिबॉडीच मोजायच्या असतील तर प्लेटवर अँटिजन (त्या अँटिबॉडी ज्याला पकडतात तो रेणू) चिकटवून अप्रत्यक्ष पद्धत. प्रत्येकीचे गणित वेगळे आहे, पण सँडविच नीट जमले की बाकीच्या अवघड जात नाहीत. म्हणून तपशील त्याचेच देतो.

तयार किट असेल तर मात्रा ठरलेल्या असतात. सुट्या अँटिबॉडी असतील तर आधी चेकरबोर्ड करा, म्हणजे दोन्हींच्या मात्रांच्या सगळ्या जोड्या लावून पाहा. पकडणारी अँटिबॉडी ०.५, १, २ आणि ४ मायक्रोग्रॅम/मिली, ओळखणारी ०.०५, ०.१, ०.२५ आणि ०.५ मायक्रोग्रॅम/मिली. प्रत्येक जोडीला वरचे स्टँडर्ड, खालचे स्टँडर्ड आणि शून्य. चार गुणिले चार गुणिले तीन म्हणजे ४८, ड्युप्लिकेटमध्ये बरोबर एक प्लेट. सर्वांत जास्त ओडी देणारी जोडी निवडण्याचा मोह होतो, तो टाळा. खालचे स्टँडर्ड आणि शून्य यांच्यातले गुणोत्तर जिथे सर्वांत मोठे आहे, ती जोडी आपली.

सँडविच एलायझा, पायरीपायरीने

बफर आधी करून ठेवा. लेपासाठी (पकडणारी अँटिबॉडी प्लेटवर चिकटवण्यासाठी) ५० मिलिमोलर कार्बोनेट-बायकार्बोनेट, पीएच ९.६: एका लीटरला सोडियम कार्बोनेट १.५९ ग्रॅम आणि सोडियम बायकार्बोनेट २.९३ ग्रॅम. पीबीएस, पीएच ७.४: एका लीटरला मीठ ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १.४४ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२४ ग्रॅम. धुण्यासाठी याच पीबीएसमध्ये ट्वीन-२० ०.०५ टक्के. रंग आणणारे एन्झाइम एचआरपी (हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज) असेल तर कुठल्याही बफरमध्ये सोडियम अझाइड नको, ते एचआरपीला मारते. एन्झाइम अल्कलाइन फॉस्फटेज असेल तर फॉस्फेटच अडथळा आणते. मग धुलाई ट्रिसच्या बफरने करा, आणि ईडीटीए प्लाझ्मा असेल तर धुलाईत कुचराई नको, कारण ईडीटीए त्या एन्झाइमचे जस्त आणि मॅग्नेशियम ओढून घेते.

पहिला दिवस. उच्च बंधनक्षमतेची सपाट तळाची पॉलिस्टायरिन प्लेट घ्या. पेशी वाढवायच्या प्लेट इथे कामाच्या नाहीत. ९६ वेल्सना १०० मायक्रोलीटरप्रमाणे ९.६ मिली लागते, ११ मिली बनवा. २ मायक्रोग्रॅम/मिली हवी असेल तर १ मिग्रॅ/मिली साठ्यातली २२ मायक्रोलीटर अँटिबॉडी ११ मिली लेपबफरमध्ये. साठ्यात बीएसए किंवा जिलेटिन मिसळलेले नाही ना, हे लेबलवर पाहा. असेल तर प्लेटवर अँटिबॉडीऐवजी तेच बसेल. प्लेट झाकून ४ अंशांवर रात्रभर ठेवा.

दुसरा दिवस:

१. ३०० मायक्रोलीटर बफरने तीनदा धुवा. शेवटी प्लेट उलटी करून टिशू पेपरवर जोरात आपटा. पण वेल्स कोरड्या पडू देऊ नका, पुढचा द्रव हाताशी तयार ठेवा.

२. ब्लॉकिंग (प्लेटवरच्या उरलेल्या मोकळ्या जागा झाकणे): १ टक्का बीएसए असलेले पीबीएस, ३०० मायक्रोलीटर, खोलीच्या तापमानाला १ ते २ तास. दुधाची पावडर स्वस्त पडते, पण तिच्यात बायोटिन असते आणि ते पुढे स्ट्रेप्टाव्हिडिनला (बायोटिनला घट्ट पकडणाऱ्या प्रथिनाला) गुंतवून ठेवते.

३. ब्लॉकिंग चालू असताना स्टँडर्ड करा. इंटरल्यूकिन-६ सारख्या सायटोकाइनसाठी १००० पिकोग्रॅम/मिली पासून निम्मे-निम्मे करत ५००, २५०, १२५, ६२.५, ३१.३, १५.६, आणि आठवे शून्य. वरच्या नळीत ६०० मायक्रोलीटर, बाकी प्रत्येकीत ३०० मायक्रोलीटर डायल्युएंट (पातळ करायचा बफर). ३०० उचलून पुढच्या नळीत टाका, दर वेळी नवी टिप आणि नीट मिसळणे. डायल्युएंट आणि स्टँडर्ड दोन्हींसाठी तीच पिपेट त्याच आकड्यावर ठेवून वापरा. पिपेट ३ टक्के कमी उचलत असली तरी दोन्ही बाजू सारख्याच चुकतात आणि गुणोत्तर १:१ राहते. डायल्युएंट अचूक पिपेटने आणि स्टँडर्ड या पिपेटने टाकले, तर दर पायरीला दीड टक्का चुकतो आणि सहाव्या पायरीपर्यंत चूक ९ टक्क्यांच्या आसपास जाते.

४. प्लेट धुवा. स्टँडर्ड, कंट्रोल (दर प्लेटवर लावायचे ओळखीचे नमुने) आणि नमुने १०० मायक्रोलीटर, ड्युप्लिकेटमध्ये. आठ पातळ्यांना १६ वेल्स, दोन कंट्रोलना ४, उरलेल्या ७६ मध्ये ३८ नमुने. सगळे आधी साध्या प्लेटमध्ये मांडून ठेवा आणि मल्टिचॅनल पिपेटने एका झटक्यात उचला. पहिल्या आणि शेवटच्या वेलमध्ये १५ मिनिटांचे अंतर पडले तर प्लेटच्या दोन टोकांना दोन वेगळे प्रयोग होतात. खोलीच्या तापमानाला २ तास, शक्यतो हलत्या शेकरवर.

५. पाच वेळा धुवा, दर वेळी ३० ते ६० सेकंद बफर आत राहू द्या.

६. बायोटिन लावलेली ओळखणारी अँटिबॉडी १०० मायक्रोलीटर, १ तास. पुन्हा पाच वेळा धुवा.

७. स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी १०० मायक्रोलीटर, २० ते ३० मिनिटे, उजेडापासून दूर. आता सहा-सात वेळा धुवा. इथे चुकार राहिलेले एन्झाइम थेट रंगात दिसते.

८. टीएमबी (एचआरपीमुळे निळे होणारे रसायन) खोलीच्या तापमानाला आणलेले, १०० मायक्रोलीटर, अंधारात १५ ते २० मिनिटे. वरचे स्टँडर्ड गडद निळे आणि शून्य जवळजवळ रंगहीन असताना थांबवा.

९. १ मोलर सल्फ्युरिक आम्ल, ५० किंवा १०० मायक्रोलीटर, टीएमबी ज्या क्रमाने टाकले त्याच क्रमाने आणि त्याच गतीने. निळा रंग पिवळा होतो. काही वेल्स हिरव्या दिसल्या तर आम्ल नीट मिसळलेले नाही, हलकेच ठोका.

१०. १५ मिनिटांच्या आत ४५० नॅनोमीटरवर वाचा आणि ५४० किंवा ५७० चे वाचन वजा करा. त्याने प्लेटवरचे ओरखडे आणि बोटांचे ठसे बऱ्याच अंशी निघून जातात.

शून्याचा ओडी ०.१ च्या खाली आणि वरच्या स्टँडर्डचा २ ते २.५ असेल तर प्लेट तब्येतीत आहे.

वक्र आणि आकडे

स्टँडर्डच्या ठिपक्यांतून सरळ रेषा ओढू नका. एलायझाचा वक्र एस आकाराचा असतो, त्याला चार प्राचलांचे समीकरण लागते: ओडी = ड + (अ − ड) ÷ [१ + (क्ष ÷ क)^ब]. इथे अ म्हणजे शून्याजवळची पातळी, ड वरचा सपाट भाग, क मध्यबिंदूची संहती, ब उतार. वक्र दोन्ही बाजूंना सारखा नसेल तर पाच प्राचले घ्या. आर-वर्ग ०.९९ आला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही, खालची टोके भरकटलेली असतानाही तो तसाच येतो. त्यापेक्षा प्रत्येक स्टँडर्डचा ओडी समीकरणात घालून संहती उलटी काढा. ती मूळ आकड्याच्या २० टक्क्यांत हवी, दोन्ही टोकांना २५ टक्के चालते. औषध चाचण्यांसाठीचे आयसीएच एम१० हे २०२२ चे मार्गदर्शनही याच मर्यादा लावते. ड्युप्लिकेटचा सीव्ही (प्रमाण विचलन भागिले सरासरी, टक्क्यांत) १० टक्क्यांच्या आत, वेगवेगळ्या दिवसांचा १५ च्या आत ठेवा.

शून्याच्या अनेक वेल्सची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलन ही शोधाची सीमा झाली. मोजण्याची सीमा त्याच्या वर असते: जिथे अचूकता आणि पुनरावृत्ती दोन्ही मर्यादेत बसतात ते सर्वांत खालचे स्टँडर्ड. या दोन सीमांमधल्या ओडीवरून 'काहीतरी आहे' म्हणता येते, आकडा देता येत नाही.

कंट्रोल किटच्या स्टँडर्डमधून बनवू नका. खऱ्या नमुन्यांचा पूल करून कमी आणि जास्त असे दोन कंट्रोल साठवा आणि प्रत्येक प्लेटवर लावा. किटचा लॉट बदलला की जुना आणि नवा दोन्ही लॉट त्याच कंट्रोलवर चालवून पाहा. वेगवेगळ्या उत्पादकांच्या किटमध्ये एकाच सीरमचा आकडा वेगळा येणे नेहमीचे आहे, कारण प्रत्येकाचे रिकॉम्बिनंट स्टँडर्ड वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड उपलब्ध असेल तर त्यावर तपासून घ्या.

नमुना स्टँडर्डसारखा वागतो का?

खरी परीक्षा ही, आणि बहुतेक जण नेमकी हीच वगळतात. दोन चाचण्या पुरतात.

भर घालून परत मिळवणे: नमुन्यात माहीत असलेले स्टँडर्ड घाला, आकारमान ५ टक्क्यांहून जास्त वाढू न देता. समजा मूळ नमुन्यात ८० पिकोग्रॅम/मिली होते, २०० ची भर घातली आणि मोजल्यावर २४६ आले. परतावा (२४६ − ८०) ÷ २०० = ८३ टक्के. ८० ते १२० च्या आत आहे, चालेल. ५० आला असता तर सीरममधले काहीतरी प्रथिनाला झाकते आहे.

पातळ करत जाणे: नमुना ५, १०, २० आणि ४० पट पातळ केला आणि वाचने १२०, ७१, ३९ आणि १९.८ आली. गुणाकार केल्यावर ६००, ७१०, ७८०, ७९२. पहिल्या दोन ठिकाणी अडथळा आहे, २० पटीनंतर आकडा स्थिरावतो. तेव्हा या प्रकारच्या नमुन्यासाठी किमान २० पट पातळ करणे हा नियम ठरवा आणि सगळ्या नमुन्यांना लावा.

हाच प्रयोग हूक परिणामही पकडतो. प्रथिन अतोनात जास्त असेल आणि नमुना व ओळखणारी अँटिबॉडी एकत्रच टाकत असाल, तर खालची आणि वरची अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंना पकडून बसतात, सँडविच होतच नाही आणि ओडी खाली येतो. प्रोलॅक्टिन, एचसीजी आणि फेरिटिन यांच्या बाबतीत हा धोका जुना आणि ओळखीचा आहे. आकडा अपेक्षेपेक्षा संशयास्पद कमी असेल तर १०० पट पातळ करून पुन्हा मोजा. आकडा उसळला तर हूक होता.

याच्या उलट, नमुन्यात प्रथिन नसतानाही ओडी येतो तेव्हा संशय हेटेरोफिल अँटिबॉडी (प्राण्यांच्या अँटिबॉडींना पकडणाऱ्या, रुग्णाच्या रक्तातल्या अँटिबॉडी) आणि ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरवर घ्या. ते खालच्या आणि वरच्या अँटिबॉडीला स्वतःच जोडून टाकतात. डायल्युएंटमध्ये ज्या प्राण्याच्या अँटिबॉडी वापरल्या आहेत त्याचे साधे आयजीजी घातले की खोटा ओडी पडतो, खरा टिकतो. बायोटिनच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांचे सीरम स्ट्रेप्टाव्हिडिनवर चालणाऱ्या चाचणीत गडबड करते, विशेषतः सगळे घटक एकाच वेळी मिसळले जात असतील तर. सँडविचमध्ये आकडा खोटाच कमी येतो, स्पर्धात्मक चाचणीत खोटाच जास्त.

प्लेट बिघडली तर

अंदाजाने एकेक गोष्ट बदलत बसण्यापेक्षा चार वेल्स राखून ठेवा: एकीत पकडणारी अँटिबॉडी नाही, दुसरीत ओळखणारी नाही, तिसरीत फक्त ब्लॉकिंग आणि स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी, चौथीत फक्त टीएमबी. चौथी निळी झाली तर टीएमबी दूषित आहे. तिसरी झाली तर ब्लॉकिंग किंवा धुलाई कमी पडते, किंवा एचआरपी जास्त आहे. तिसरी कोरी आणि पहिली निळी असेल तर ओळखणारी अँटिबॉडी प्लेटला चिकटते आहे, तिची मात्रा उतरवा.

रंगच आला नाही तर नळीत थोडे टीएमबी घेऊन त्यात १ मायक्रोलीटर स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी टाका. क्षणात निळे झाले पाहिजे. झाले तर दोष अँटिबॉडीत किंवा स्टँडर्डमध्ये, नाही झाले तर एन्झाइम गेले आहे किंवा कुठेतरी अझाइड आहे. स्टँडर्ड उत्तम आणि नमुने कोरे असतील तर प्लेटला दोष देऊ नका, वरची भर घालण्याची चाचणी करा.

कडेच्या वेल्स मधल्यांपेक्षा गडद किंवा फिक्या दिसणे हे तापमान आणि बाष्पीभवनाचे काम. थंड प्लेट थेट ३७ अंशांच्या कपाटात, तीही एकावर एक रचून, ठेवली की कडा आधी तापतात. सगळे खोलीच्या तापमानाला आणून घ्या, चिकट फिल्म लावा, प्लेटची चळत करू नका.

लहान रेणू आणि जोडी सोडवणे

कॉर्टिसॉल, थायरॉक्सिन, अफ्लाटॉक्सिन अशा रेणूंसाठी स्पर्धात्मक एलायझात नमुन्यातला रेणू आणि एन्झाइम लावलेला तोच रेणू मोजक्या अँटिबॉडीसाठी भांडतात. वक्र उलटा असतो: रेणू जास्त तर रंग कमी. अँटिबॉडी आणि एन्झाइम-रेणू दोन्ही हात आखडून घ्या. अँटिबॉडी भरपूर असेल तर भांडण होतच नाही आणि संवेदनशीलता जाते. कमाल ओडीच्या २० ते ८० टक्के इतकाच भाग मोजायला वापरा. अँटिबॉडीऐवजी रेणूचाच लेप द्यायचा असेल तर तो एखाद्या प्रथिनाला जोडावा लागतो. अँटिबॉडी केएलएच या वाहक प्रथिनाच्या जोडावर वाढवली असेल तर लेप बीएसएच्या जोडाचा घ्या, नाहीतर अर्धा रंग वाहक प्रथिनाचाच असेल.

प्रथिन किंवा औषध नमुन्यातल्याच अँटिबॉडीला चिकटलेले असेल तर साधा एलायझा बहुधा फक्त मोकळा भाग मोजतो. एकूण हवे असेल तर जोडी आम्लाने सोडवा: ३०० मिलिमोलर अॅसेटिक आम्लात खोलीच्या तापमानाला तासभर, मग १ मोलर ट्रिस, पीएच ९.५ घालून पीएच ७ च्या आसपास आणा आणि लगेच प्लेटवर टाका. वाट पाहत ठेवले तर जोडी पुन्हा जमते. स्टँडर्डलाही हेच आम्ल आणि हेच ट्रिस द्या, कारण काही प्रथिने आम्लात आपला आकार हरवतात आणि अँटिबॉडी त्यांना ओळखत नाही. पेशींच्या माध्यमातले टीजीएफ-बीटा मोजताना सुप्त रूप सोडवायलाही आम्लच लागते. तिथे वासराच्या सीरममधले टीजीएफ-बीटाही मोजले जाते, म्हणून पेशी न घातलेले माध्यम सोबत चालवून त्याचा आकडा वजा करा.

अहवालात काय जावे

वक्राच्या वर गेलेल्या नमुन्याचा आकडा रेषा लांबवून काढू नका, पातळ करून पुन्हा चालवा. खाली राहिलेल्याला शून्य लिहू नका. मोजण्याची सीमा १५.६ पिकोग्रॅम/मिली आणि नमुना १० पट पातळ असेल तर '१५६ पेक्षा कमी' असे लिहा. सीरम की प्लाझ्मा, किती पट पातळ, किटचा लॉट, कंट्रोलचे आकडे हे सोबत हवेच.

लायसेटचा आकडा एकूण प्रथिनावर भागून द्यावा लागतो. १० पट पातळ लायसेटमध्ये एलायझाने १८० पिकोग्रॅम/मिली दाखवले, म्हणजे मूळ १८००. बीसीएने २.४ मिग्रॅ/मिली दिले, तर उत्तर ७५० पिकोग्रॅम प्रति मिग्रॅ प्रथिन. दोन्ही मोजण्या त्याच वितळवलेल्या भागातून करा. आणि दोन्हींचा सीव्ही १० टक्के असेल तर भागाकाराचा साधारण १४ टक्के होतो, म्हणून दोन गटांत १० टक्क्यांचा फरक दिसला तर निष्कर्ष लिहिण्याआधी प्रत्येक गटात किती स्वतंत्र नमुने आहेत ते मोजा. एकाच लायसेटच्या तीन वेल्स म्हणजे तीन नमुने नव्हेत.